पिठातला महाज्वालामुखी

देवासला मी ज्यांच्या माडीवर आठ वर्षं भाड्याने राहिले, ते सर जेवतानासुद्धा बसत नसत. डाव्या हातात ताट धरायचं आणि स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून स्वयंपाकघरात अशा फेऱ्या घालत जेवायचं. काकू ओट्यापाशी पोळ्या करत, आणि सर दारातून आत आले की तव्यावरची पोळी त्यांच्या ताटात पडे. पोळीला उशीर झाला तर ती पुढच्या फेरीला. पहिल्या दिवशी हे पाहून मला वाटलं, नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय. आठवड्याभराने कळलं की हे रोजचंच आहे. बोलणंही तसंच चाले. वाक्य ओट्यापाशी सुरू व्हायचं आणि तुळशीपाशी संपायचं.

आम्ही एकाच खाजगी शाळेत शिकवत होतो, ते भूगोल आणि मी गणित. सर माणसांना त्यांच्या विषयावरून हाक मारत. मी ‘गणित’, समोरच्या वर्गातले पांडेजी ‘संस्कृत’, आणि मुख्याध्यापक ‘कार्यालय’. हाक अशी तऱ्हेवाईक, पण पुढे मात्र अहोजाहो. सर मूळचे धारचे, जुन्या दरबारी घराण्यातले. त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ‘तुम्ही रडता का’ म्हणत असावेत. काकू बदनावरच्या, धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, माळवी बोलणाऱ्या. सासूच्या हाताखाली त्या मराठी शिकल्या, पण रागावल्या की हिंदीत आणि फार रागावल्या की माळवीत जात. मी खातेगावची. घरी मराठी बोलत होतो, शाळा मात्र सगळी हिंदीत. तेव्हा मराठीचं छापील पान वाचायचं तर मला ओळीवर बोट ठेवावं लागे, आणि हे मी सरांना कधी कळू दिलं नाही.

सरांना आयुष्यात एकच वेड होतं, महाज्वालामुखीचं. “ज्वालामुखी म्हटलं की तुम्ही लोक डोंगर काढता,” ते म्हणत. “टोकाला भोक, भोकातून धूर. तो लहान. खरा मोठा असतो तो डोंगर नसतोच, खड्डा असतो. एवढा मोठा की आत उभं राहिलं तर खड्डा आहे हे कळत नाही. सुमात्रात तोबा नावाचं तळं आहे. लोक होड्या चालवतात, मासे धरतात. तो महाज्वालामुखी आहे.”

त्या खड्ड्याला पुस्तकात कॅल्डेरा म्हणतात. सर ‘काहील’ म्हणत. उसाचा रस आटवायची ती पसरट मोठी कढई. मूळ परदेशी शब्दाचाही अर्थ कढईच आहे, मग आपल्या घरची कढई सोडून त्यांची कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ती काहील कशी होते हे त्यांनी मला पहिल्या महिन्यातच नऊदा सांगितलं. मी मोजलं होतं, गणिताची सवय.

“खालून वितळलेला रस वर येतो. पण पार वर येत नाही, काही मैल खाली अडतो आणि तिथेच साचत राहतो. पातळ नसतो, चिकट असतो, म्हणून त्यातली वाफ सुटत नाही. हजारो, लाखो वर्षं भरत जातो. वरची जमीन फुगते, पण इतकी हळू की कुणाला पत्ता नाही. मग छपराच्या कडेकडेने गोल भेग पडते आणि रस बाहेर यायला लागतो. आला की खाली जागा रिकामी. रिकामी झाली की छप्पर खाली बसतं. बसलं की उरलेल्या रसावर दाब येतो. गणित, वरणाच्या पातेल्यात पातेल्याहून लहान झाकण टाकून दाबलंत तर वरण कुठून येईल?”

“कडेने.”

“कडेने. सगळ्या बाजूंनी. झाकण जितकं खाली, तितकं वरण बाहेर. आणि मधे उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं. कारण त्याचं घर, त्याचं झाड, त्याचा शेजारी, सगळंच त्याच्याबरोबर खाली चाललेलं असतं.”

मी एकदा म्हटलं की सर, तो कळून घ्यायला जिवंत कुठे असणार. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी वह्या तपासायला घेतल्या.

या वेडापायी त्यांना एक खोड लागली होती. कुठेही गेले की किल्ल्यांच्या जुडग्याने फरशी ठोकून पाहायची. पांडेजींच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. सत्यनारायणाच्या चौरंगाशेजारी सर वाकले, दोन फरशा ठोकल्या आणि भर पाहुण्यांत म्हणाले, “संस्कृत, ही पोकळ आहे.” पांडेजींनी गवंड्याला फोन लावला आणि सरांशी पुढे दोन महिने बोलले नाहीत. सरांना ते समजलंच नाही, कारण ते पुढची फरशी ठोकत होते.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण सरांच्या मनात एक सल होती आणि ती मला उशिरा कळली. वर्गात ते जीव ओतून शिकवत. बाकांच्या ओळींतून भराभरा चालत, फळ्यावर खडू मोडत, घामाघूम होत. आणि शेवटी विचारत, “कोई प्रश्न?” मग एक हात वर येई. दर वर्षी, दर वर्गात, तोच प्रश्न.

“सर, ये एग्ज़ाम में आएगा?”

“नहीं आएगा,” सर सांगत. “ये कहीं नहीं आएगा.” मुलं पेनं बंद करत आणि खिडकीबाहेर बघायला लागत.

“गणित,” एकदा जिन्यात मला अडवून ते म्हणाले, “इतकी वर्षं शिकवतोय. एकाने खरा प्रश्न विचारला नाही. चुकीचा चालेल, वेडगळ चालेल. पण आतून आलेला. एक. मग मी मेलो तरी चालेल.” आणि उत्तराची वाट न पाहता तीन-तीन पायऱ्या ओलांडत निघून गेले. मी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन तिथेच उभी राहिले. मला ते फार लागलं, कारण मीही त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. नऊदा ऐकून घेतलं होतं, एवढंच.

मांडूच्या सहलीची गोष्टही सांगायला हवी. नालछाच्या अलीकडे रस्त्यासाठी टेकाड कापलेलं होतं. तिथे सरांनी बस थांबवली. काळ्या दगडाचे थर एकावर एक, आणि दोन थरांमध्ये लाल मातीची पट्टी. “हा एक लाव्हा,” सर बोट दाखवत सांगत होते. “मग हजारो वर्षं शांतता. त्या शांततेत ही माती झाली. मग वरून दुसरा लाव्हा.” मुलं उतरली, दोन मिनिटं बघितलं, आणि पलीकडे एक बाई भुट्टे भाजत होती तिच्याभोवती जमली. सर कड्यालगत इकडून तिकडे चालत एकटेच बोलत राहिले. मुख्याध्यापकांनी तीनदा शिटी वाजवली. आम्ही मांडूला पोचलो तेव्हा जहाज महाल बंद व्हायला अर्धा तास उरला होता. पालकांनी तक्रार केली. कार्यालयाने सरांना लेखी समज दिली, ती त्यांनी घडी करून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली.

आणि तो बोरिंगचा दिवस. शेजारच्या गल्लीत कुणीतरी बोरिंग करवत होतं. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीतली एक बाई फाटकाशी येऊन म्हणाली, “सर, बोरिंग में से सफ़ेद धुआँ निकल रहा है. ज़मीन गरम हो रही है वहाँ की.” सर अंगात बनियन, पायांत काही नाही, तसेच धावत माडीवर आले, माझा ताप मोजायचा थर्मामीटर उचलला आणि गल्लीत दिसेनासे झाले. अर्ध्या तासाने परतले ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे.

“मिला?” काकूंनी विचारलं.

“दगडाची भुकटी आहे. ड्रिलने तापते.” सर फेरी मारून आले. “साडेसहा कोटी वर्षं झाली इथलं सगळं निवून. मीच तर शिकवतो.”

“फिर भागे क्यों?”

सर तोवर अंगणात पोचले होते. ते का धावले हे मला कळलं होतं, आणि त्यांची कीव आली असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला हेवा वाटला. मी आजवर कशाच्याही मागे अनवाणी धावलेले नाही.

निवृत्त झाल्यावर सरांना वर्गही उरला नाही. मग त्यांनी आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवावर डोळा ठेवला. तिथे दर वर्षी एक व्याख्यान असे. सर दर वर्षी अर्ज करत आणि दर वर्षी अध्यक्ष म्हणत, “सर, लोकांना सणासुदीला जरा हलकंफुलकं लागतं.” एका वर्षी इंदूरच्या गायिकेचा घसा बसला आणि चाळीस मिनिटं मोकळी झाली. अध्यक्षांनी ती नाइलाजाने सरांना दिली. सरांची झोप उडाली. मुलांनी नाही विचारलं, ठीक आहे, तो परीक्षेचा कारखाना. पण इथे आपली माणसं, मोठी माणसं, आणि आपली भाषा. इथे कुणीतरी विचारणारच, असं ते मला दिवसातून चारदा सांगत. मी हो म्हणत असे, पण आपली माणसं मला सरांपेक्षा जास्त ठाऊक होती.

प्रयोग ठरलेला होता. मोठ्या परातीत चाळलेलं पीठ, पिठाखाली फुगा, फुग्याला नळी. नळीतून हवा भरली की पीठ फुगतं, त्याला तडे जातात. हवा सोडली की वरचं छप्पर बसतं आणि खड्डा होतो. घरी सरांनी हा प्रयोग इतक्यांदा केला होता की काकू कणकेचा डबा कुलपात ठेवत. मंडळाला लागणाऱ्या वस्तूंची यादी सरांनी स्वतः लिहून दिली, जुन्या वळणाच्या लपेटदार अक्षरात, चार पानं, शुद्ध मराठीत. चिटणीस पंचविशीतला, इथल्याच एका कारखान्यात नोकरीला. त्याने यादी दोन्ही हातांनी घेतली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “हो जाएगा, काका.”

व्याख्यानाच्या दुपारी सभागृहात टेबल होतं, माइक होता, हार होता. परात नव्हती, पीठ नव्हतं. चिटणिसाने मला खांबाआड बोलावलं.

“ताई, सच बोलूँ? पढ़ने में नहीं आया. एक पन्ना भी नहीं.”

“मग विचारायचं ना सरांना.”

“कैसे पूछता? बोलते, मराठी का लड़का और मराठी नहीं पढ़ता.”

ती यादी मला दिली असती तर मीही पाचव्या ओळीला अडकले असते आणि मीही ‘होऊन जाईल’ म्हटलं असतं.

सरांनी मात्र वाट पाहिली नाही. मागच्या पडवीत फडक्याने झाकलेली भली मोठी परात होती, तीत चाळून ठेवलेली कणीक. सरांना वाटलं, चिटणिसाने पडवीत सोय केली आहे. त्यांनी परात उचलून थेट टेबलावर आणली, खिशातून फुगा आणि नळी काढली आणि कामाला लागले. ती कणीक संध्याकाळच्या महाप्रसादाच्या पुऱ्यांची होती. पुऱ्यांचं काम काकूंकडे होतं, आणि काकू त्या वेळी मागच्या अंगणात बटाटे सोलत होत्या.

समोर चाळीसेक माणसं. पुढच्या रांगेत आजोबामंडळी, त्यांतले दोघे हार घालण्याच्या आधीच पेंगायला लागलेले. मागे फॅन्सी ड्रेसची वाट पाहणारी मुलं, एक झाशीची राणी आणि तीन शिवाजी. सर बोलायला लागले. माइक एका जागी आणि सर सगळीकडे, त्यामुळे आवाज येई आणि जाई. साचणं आलं, फुगणं गेलं, भेग आली, वाफ गेली. भाषा इतकी शुद्ध की माझ्या शेजारची मुलगी आईला विचारत होती, “ये कौन सी भाषा है?” मी घड्याळाकडे आणि सरांकडे आळीपाळीने बघत होते.

प्रयोग मात्र असा झाला की तसा पुन्हा होणार नाही. सरांनी नळीत फुंकलं. पीठ हलकेच वर आलं, त्याची टेकडी झाली, कडेने बारीक गोल चीर पडली. सर थांबले, बोटाने चीर दाखवली, आणि नळी सोडली. मधला सगळा भाग एकदम, सपाट, खाली बसला. कडा उभ्या राहिल्या. पुढच्या रांगेतले एक आजोबा जागे होऊन “वा” म्हणाले.

“काही प्रश्न?” सरांनी विचारलं.

सरांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. अध्यक्षांनी आभाराचा कागद काढला. मला ते बघवेना. मी आदल्या दिवशीच एक प्रश्न पाठ करून ठेवला होता, म्हटलं वेळ आलीच तर. मी उभी राहिले आणि मोठ्याने विचारलं, “सर, अमेरिकेतला महाज्वालामुखी पुन्हा कधी फुटेल?”

सर रागावले नाहीत. “गणित,” ते म्हणाले, “हा प्रश्न टीव्हीचा आहे. तो तुम्ही माझ्यासाठी आणलात. बसा.”

मी बसले. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. त्यांना भूक लागली होती आणि मी त्यांच्यापुढे प्लास्टिकचं फळ ठेवलं होतं. सर परातीकडे वळले आणि फुग्याची नळी गुंडाळायला लागले.

“मेरा एक है.”

आवाज बाजूच्या दारातून आला. काकू उभ्या होत्या, हातात रिकामी चाळणी, पदर कमरेला. कणीक शोधत त्या आल्या होत्या आणि प्रयोग सुरू असल्यामुळे दारातच थांबल्या होत्या. घरी हा प्रयोग त्यांनी कधी पूर्ण पाहिलाच नव्हता, कारण त्यांच्या वाट्याला फक्त केरसुणी येई.

“सुमात्रा का समझ गई,” काकू म्हणाल्या. “नीचे खाली हुआ, छत बैठ गई. पण तुम्हीच म्हणता ना, आपला सगळा माळवा लाव्ह्याचा आहे. धार से देवास तक वही काला पत्थर. कुआँ खोदो तो वही, नींव खोदो तो वही. इतना सारा नीचे से निकला, तो नीचे खाली हुआ होगा. फिर अपनी छत क्यों नहीं गिरी?”

सगळं सभागृह सरांकडे बघायला लागलं. झोपलेले दुसरे आजोबासुद्धा.

“आपल्याकडचा लाव्हा पातळ होता,” सरांनी सुरुवात केली. “वाफ सुटत गेली. लांबलचक भेगांतून आला, आणि फार खोलवरून. एका ठिकाणी उथळ साचून राहिला नाही, म्हणून...” आणि ते थांबले. परातीतल्या खड्ड्याकडे पाहिलं. “पण तेवढी जागा. एवढा दगड वर आला, त्याची खाली जागा तर झालीच असणार. तिचं काय झालं. नुसतं ‘खोल’ म्हणून भागत नाही.” त्यांनी मान वर केली. “याचं पूर्ण उत्तर मला ठाऊक नाही.”

माणूस एवढ्या आनंदाने ‘ठाऊक नाही’ म्हणू शकतो हे मी त्या दुपारी पाहिलं. जगभरातल्या काहिली त्यांना तोंडपाठ होत्या, आणि स्वतःच्या घराखालचा प्रश्न त्यांच्यापर्यंत कधी आला नव्हता. “पुन्हा विचारा,” ते काकूंना म्हणाले. “तसाच्या तसा. मला लिहून घेऊ द्या.”

“बाद में. तेल गरम हो गया है,” काकू म्हणाल्या, आणि फुगा बाजूला काढून परात उचलून घेऊन गेल्या. पीठ पुन्हा चाळलं. पुऱ्या छान फुगल्या.

प्रसाद आटोपून आम्ही तिघं घरी निघालो तेव्हा उजेड होता. सर नेहमीसारखे चार पावलं पुढे, काकू मधे, मी मागे.

“तो प्रश्न तुम्हाला आज सुचला?” सरांनी पुढूनच विचारलं.

“नहीं. ब्याह के दूसरे-तीसरे साल से है.”

“तीस वर्षं? आणि एकदाही विचारला नाहीत?”

“तम रुको तो कोई पूछे,” काकू म्हणाल्या. त्या माळवीत बोलत होत्या, पण आवाजात राग नव्हता.

सर रस्त्यात उभे राहिले. मागून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत वळसा घालून गेला, तरी ते हलले नाहीत. काकू त्यांच्यापर्यंत पोचल्या तेव्हा त्यांनी फार हळू विचारलं, “आणखी आहेत?”

“बहुत हैं.”

त्यापुढे त्यांच्यामागून चालणं मला बरं वाटेना. मी बाजूच्या किराणा दुकानात शिरले आणि घरात तीन पडून असताना आणखी एक साबणाची वडी घेतली.